मिरचीच्या पोत्यावरचा पुलर

आमच्या घरी मोटार होती असं मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, मोठी श्रीमंत माणसं असणार. मग मी सांगते की ती चालत नव्हती. गिरगावातल्या आमच्या घराच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली ती उभी होती आणि माझ्या आठवणीत तरी तिनं जागा सोडलेली नव्हती. आजोबांनी ती कुणा इंग्रज साहेबाकडून तो विलायतेला परत जाताना घेतली होती. दोन दारांची, चहाच्या पेटीएवढी, डोळे वटारल्यासारखे दोन दिवे पुढे. आजोबा तिला ‘मडम’ म्हणायचे आणि सगळं घर तेच म्हणायला लागलं. मेक कुठलं ते मी सांगत नाही. मागं एकदा एका समारंभात सांगून बसले, तर जुन्या मोटारींचे दोन शौकीन पुढचे तीन महिने माझ्या दादरच्या घरी फेऱ्या घालत होते. मोटार नाही, निदान तिचा हॉर्न तरी असेल, असं त्यांचं म्हणणं.

आजोबा गेले आणि मडम बसली. तिच्या मागच्या सीटवर आईनं पापडाचे डबे ठेवायला सुरुवात केली. बॉनेटवर दुपारी सांडगे वाळत. माझी शाळेतली निम्मी पाठांतरं मी तिच्या पुढच्या सीटवर बसून केली, कारण घरात शांतता म्हणून नसायचीच. सकाळी शेजारच्या वाडीतल्या सिसिलीबाईंचा मुलगा व्हायोलिनवर तीच एक गत घासत बसायचा, रस्त्यावरून ट्रामची घंटा यायची, आणि स्वयंपाकघरात आईचा पाटा-वरवंटा चालू असायचा. आम्ही परभू. रविवारी कोळंबीचं भुजणं किंवा सांबारं झालं नाही तर घरात कुणीतरी आजारी आहे असं शेजारी समजत. पपा एका सॉलिसिटरच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. पांढरा कडक कोट, खिशाला पेन, आणि घरात असले की वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची सवय. त्या दिवसांत वर्तमानपत्रात एकच विषय होता. मुंबई कुणाची, यावर पपा दिवाणखान्यात बसून असा युक्तिवाद करत की जणू समोर न्यायाधीश बसलाय. समोर खरं तर मी बसलेली असायचे, मटार सोलत.

आणि इंदूआत्या. पपांची धाकटी बहीण, वय अडतीस, परळच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिनं लग्न केलं नव्हतं. का, हे घरात कुणी विचारत नसे. पपांचे युक्तिवाद ती ऐकून घ्यायची आणि मग चपला घालून सरळ सभेला निघून जायची. उंच, सडसडीत, आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या मुलीची वेणीसुद्धा ताठ व्हावी. मडमवर घरात कुणाचा खरा जीव असेल तर तो तिचा. लहानपणी आजोबा मोटारीखाली शिरले की ही बाहेर बसून त्यांच्या हातात एकेक पाना द्यायची, आणि पुढं पुढं आजोबा बाहेर बसायचे आणि ही खाली शिरायची. आजोबांची हत्यारांची एक लाकडी पेटी होती. ते गेल्यावर वर्षभरानं घर रंगवायला काढलं तेव्हा पपांनी ती पेटी जुन्या पलंगांबरोबर लोखंड म्हणून देऊन टाकली. त्यांच्या लेखी ते लोखंडच होतं. आत्या शाळेतून आली, पेटीच्या जागी फरशीवर उरलेला चौकोन बघितला आणि त्या रात्री जेवली नाही. पपांना आपलं काय चुकलं ते नीट कळलंच नसावं असं मला तेव्हा वाटायचं.

माझी इंटरची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात आत्यानं जाहीर केलं, “मी मडम चालू करणार आहे. नलू, तू माझ्याबरोबर.”

“कशानं चालू करणार?” पपांनी वर्तमानपत्राआडून विचारलं. “हत्यारं कुठायत?”

आपण काय बोललो ते पपांच्या लक्षात आलं आणि वर्तमानपत्र आणखी वर गेलं.

हत्यारं चोरबाजारात होती. माणसाला लागणारं आणि न लागणारं सगळंच तिथं होतं. साडीतल्या दोन बायका, एकीच्या खांद्याला शाळेची झोळी, अशा आम्ही त्या गल्लीत शिरलो की दुकानदार आम्हाला झुंबरं दाखवायचे, नक्षीच्या तबकड्या दाखवायचे. आत्या त्यांच्यावरून नजर फिरवायची आणि म्हणायची, “पाने आहेत का? इंग्रजी मापाचे.” एकानं आम्हाला आदरानं पानदानं दाखवली.

शेवटी आम्हाला अब्बासभाई सापडले. गल्लीच्या टोकाला जिन्याखाली त्यांचं दुकान, म्हणजे एक फळी आणि तिच्यामागं लोखंडाचा डोंगर. ते पहिल्या दिवशी म्हणाले, “बाईजी, इधर घर का सामान नहीं मिलेगा. सब काला काम है.”

“काळंच पाहिजे,” आत्या म्हणाली आणि जमिनीवर फतकल मारून बसली.

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी, कारण आमच्या सगळ्या फेऱ्यांचं मूळ तिच्यात आहे. मडम विलायती, तेव्हा तिचे नटबोल्ट विलायती मापाचे. आणि बाजारात लढाईनंतर उरलेलं सामान पडलेलं होतं ते बहुतेक अमेरिकन. वरून दोन्ही पाने सारखेच दिसतात. दोन्हीवर तोच आकडा कोरलेला असतो. पण अमेरिकन पाना विलायती नटावर बसवला तर एक तर बसतच नाही, नाही तर बसल्यासारखं करून नटाचे कोपरे खाऊन टाकतो. आत्याला हे माहीत होतं, तरी पहिल्याच खेपेला तिनं हातभर लांबीचा एक चकचकीत पाना घेतला, कारण तो दिसायला फार देखणा होता. घरी आल्यावर कळलं की मडमच्या अंगावर त्याच्या मापाचा एकही नट नाही. “देखणेपणावर गेले,” आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, “आणि वर्गात मुलींना उपदेश करते मी.” त्यानंतर ती झोळीत मडमचेच चारपाच नट घेऊन फिरायची आणि प्रत्येक पाना तिथल्या तिथं नटावर चढवून बघायची. अब्बासभाईंना हे फार आवडलं. ते आमच्यासाठी इंग्रजी पाने बाजूला काढून ठेवायला लागले.

असं करत करत आमच्या घरी एकेक वस्तू यायला लागली. पाने आले तसा आत्यानं आधी ब्रेक खोलून पुन्हा बसवला. पातळ पोलादी पात्यांचा एक छोटा पंखा आला, दोन भागांतली फट मोजायचा. त्याची प्रत्येक पाती केसासारखी बारीक आणि वेगवेगळ्या जाडीची. आत्यानं तो मला शिकवताना सांगितलं, “पाती फटीतून सरकली पाहिजे, पण नाराजीनं सरकली पाहिजे.” एवढं अचूक वाक्य मला पुढं कॉलेजात एकाही प्रोफेसरनं दिलं नाही. मग इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची एक काठी आली, लाकडी दांडा आणि टोकाला रबराची वाटी. ती वाटी व्हॉल्व्हला चिकटवायची आणि काठी दोन तळहातांत रवीसारखी घुसळायची. मी हे काम अंगणात बसून दुपारभर करत असे. सिसिलीबाई कुंपणावरून बघून आईला म्हणाल्या, “तुमची नलू ताक बरं करते गं, पण लोणी काय दिसत नाय!” आई आधीच वैतागली होती. तिची पितळी परात आम्ही रॉकेलमध्ये नट धुवायला नेली होती आणि बॉनेटवरच्या सांडग्यांना गच्चीवर हद्दपार केलं होतं. तरी दुपारी चारला ती दोन कप चहा आणि तळलेल्या पातवडीची बशी मडमच्या पायरीवर ठेवून जायचीच, नाक दाबून.

जूनच्या तोंडावर एका संध्याकाळी आत्यानं पुढं उभं राहून हँडल मारलं आणि मडम खोकली. पुन्हा मारलं, आणि ती बोलायला लागली. वाडीतली सगळी मुलं गोळा झाली. इंजिन छान चालत होतं. आत्यानं आत हात घालून गिअर टाकला, क्लच सोडला, आणि मडम जागची हलली नाही. इंजिनाचा सूर बदलला, मागं कुठंतरी खडखड झालं, बस्स. पपा खिडकीत उभे होते. ते काही बोलले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

आत्यानं रात्री जेवताना ताटातल्या भातात बोटानं आकृती काढून मला सांगितलं. मागचा आस टोकाला निमुळता. त्याच्यावर चाकाचा हब, म्हणजे मधला गोल तुंबा, घट्ट बसतो, आणि आस फिरला की हबही फिरावा म्हणून दोघांत पोलादाची एक बोटाच्या पेराएवढी पट्टी असते. तिला चावी म्हणतात. ती चावी तुटली होती. आस आतल्या आत फिरत होता आणि चाक आपलं स्वस्थ. नवी चावी अब्बासभाईंनी कुणाकडून तरी घासून दिली. पण ती बसवायची तर हब काढायला हवा, आणि तो वर्षानुवर्षं आसावर आवळलेला. हातोडीनं ठोकला तर आस वाकतो, नाही तर हब तडकतो. त्याला त्याच मोटारीचा पुलर लागतो. पुलर म्हणजे एक जाड लोखंडी टोपी. ती हबवर आट्यांनी चढवायची, आणि टोपीच्या मधला मोठा बोल्ट आवळत जायचा. बोल्ट आसाला आत रेटतो, टोपी हबला बाहेर ओढते. पण टोपीचे आटे हबच्या आट्यांशी जुळले तरच.

आत्यानं कपडे धुवायची साबणाची वडी हबच्या आट्यांवर दाबून ठसा घेतला. ती वडी रुमालात बांधून आम्ही बाजारभर हिंडलो. एकानं ती नाकाला लावून “अच्छा माल है” म्हटलं. असे पुलर फारसे नव्हतेच, आणि जे होते त्यांत साबण बसत नव्हता. अखेर अब्बासभाईंना आठवलं. लालबागला एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं गॅरेज होतं, तो या गाड्यांचंच काम करायचा. गॅरेज बंद झालं आणि त्या जागी मिरची कांडायचा डंक आला. “पूछ के देखो. लोहा कहीं जाता नहीं बाईजी, सिर्फ उसका काम बदलता है.”

इकडे घरात दादाचं लग्न ठरलं होतं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. मांडव अंगणात घालायचा. पपांनी जेवणाच्या पाटावर शांतपणे सांगितलं की शनिवारी सकाळी भायखळ्याचा भंगारवाला येणार आहे. “इंदू, मी तुला तीन महिने काही बोललो नाही. पण शनिवारी सकाळपर्यंत ती स्वतःच्या चाकांवर बाहेर गेली तर ठीक, नाहीतर तो नेईल. व्याही मंडळी काय तिला प्रदक्षिणा घालणार आहेत?”

आत्या ताट सारून उठली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शाळा सुटताच मी तिला परळला गाठलं आणि आम्ही लालबागला गेलो.

डंक शोधायला पत्ता लागला नाही, शिंका पुरल्या. दारात एक मालवणी बाई डोक्याला फडकं गुंडाळून बसली होती. आत लोखंडी मुसळं धडाधड पडत होती, हवेत लाल धूर. आणि तिच्या शेजारी मिरचीच्या पोत्याच्या दुमडलेल्या तोंडावर, लाल भुकटीनं माखलेला, तो बसला होता. आत्यानं रुमालातला साबण काढला, खाली वाकली, आणि टोपीच्या आत साबण फिरवून बघितला. तो आट्यांत असा बसला की मला आत्याच्या मानेवर काटा उभा राहिलेला दिसला.

“बाई, हे विकायचंय?”

“तां इकूक नाय,” बाई म्हणाली. “माका पोत्यार ठेवूक वजन होया.”

“दुसरं वजन देते. चांगला घडीव दगड आणून देते.”

“दगड नको गे बाय! मागे दगडच ठेवललंय. एक जाणीन येवन तेका हळद-कुंकू लावन गेली. दुसऱ्या दिवशी नारळ. मगे तो उचलूचो कसो?”

आत्यानं झोळीत हात घातला आणि तो हातभर लांबीचा देखणा अमेरिकन पाना बाहेर काढला. अब्बासभाईंना परत करायला तो तिनं बरोबर घेतला होता. बाईनं दोन्ही हातांनी तोलून बघितला, पोत्यावर आडवा ठेवून बघितला, वाऱ्यानं पोत्याचं तोंड उघडत नाही याची खात्री केली. “ह्यां बरां आसा,” ती म्हणाली. “मांजराकपण मारूक येतलां.”

पुलर झोळीत घालून आम्ही परळच्या बाजूला ट्रामसाठी चालायला लागलो, तर रस्ता माणसांनी भरलेला. मैदानावर सभा होती. गिरणीची पहिली पाळी सुटलेली, खांद्यावर पोरं, हातात झेंडे, कुठं घोषणा, कुठं भजी तळल्याचा वास. ट्राम बंदच झाल्या होत्या. गर्दीच्या मधोमध एका मोटारीभोवती कोंडाळं होतं. आत्या टाचा उंचावून बघायला लागली आणि माझा दंड इतक्या जोरात धरला की मी ओरडले. मडमची सख्खी बहीण उभी होती! रंग वेगळा, बाकी दिवे, दारं, तोंडावरचे भाव तेच. तिच्या छपरावर कर्णा बांधलेला, आत ढोलकी, डफ, आणि रस्त्यावर फेटा बांधलेले एक शाहीर अस्वस्थपणे येरझारा घालताहेत. मैदानावर लोक त्यांच्यासाठी थांबले होते. चालवणारा एक तरणा गिरणी कामगार, विठोबा त्याचं नाव. त्यानं मागचं चाक काढलं होतं आणि घण उचलला होता.

“काय झालं?” आत्यानं विचारलं.

“इंजिन चालतंय, गाडी हलत न्हाय. हब अडकलाय. दोन घणांत येतो बघा.”

“घण खाली ठेव!”

ती अशी म्हणाली की विठोबानंच नाही, आजूबाजूच्या दोघातिघांनीही हातातलं जे होतं ते खाली ठेवलं. एकाच्या हातात भज्यांचा कागद होता.

“ओ बाई,” मागून कुणीतरी म्हणालं, “हितं काय भाकऱ्या थापायच्यात का?”

“भाकरी मोडली तर दुसरी थापता येते,” आत्या म्हणाली. “हा आस मोडला तर शाहिरांना खांद्यावर न्यावं लागेल. नेतोस?”

लोक हसले. आत्यानं झोळीतून पुलर काढला. मग माझ्याकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “तू कर. माझं मनगट पुरायचं नाही.”

आज पंच्याऐंशी पार केल्यावर मला ठामपणे वाटतं की तिचं मनगट उत्तम होतं. पण तेव्हा मी पदर खोचला आणि शेदीडशे पुरुषांच्या देखत रस्त्यावर गुडघे टेकले. मला फक्त कान तापल्याचं आठवतं. आठ जणांनी गाडी मागून उचलून विटांवर ठेवली होतीच. मी टोपी हबवर चढवली. आटे जुळत गेले, एकेक, मऊ. मग विठोबाच्या पान्यानं मधला बोल्ट आवळायला लागले, आणि आट्यांत वर्षानुवर्षं बसलेली मिरचीची पूड उडायला लागली. मी शिंकले. विठोबा शिंकला. शाहीर फेटा सावरत शिंकले आणि मग पहिल्या चार रांगा ओळीनं शिंकल्या. “अहो, मोटार आहे का मसाल्याची गिरणी!” शाहीर ओरडले.

बोल्ट एका जागी येऊन थांबला. मी लोंबकळले तरी हलेना. आत्यानं इकडंतिकडं बघितलं आणि कर्ण्याखालचा लोखंडी नळ काढायला सांगितला. तो नळ पान्याच्या दांड्यावर चढवला, विठोबा आणि मी मिळून त्याच्यावर भार टाकला. काही नाही. आणखी. माझ्या तळहाताची कातडी सोलली. आणि हब सुटला.

सुटताना तो फटकन आवाज करतो. आसावर घट्ट बसलेलं लोखंड एकदम सुटलं की बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज होतो, हे आत्यानं मला सांगितलं होतं. लोकांना कुणी सांगितलं नव्हतं.

क्षणात सगळा रस्ता आडवा झाला. मी मान वर केली तर माझ्याभोवती उभं कुणी नव्हतंच. माणसं जमिनीला चिकटली होती. भजीवाला परातीमागं. एका बाईनं पोराला पोटाखाली घेतलं होतं, तिच्या पाठीवर दुसरा कुणी अनोळखी माणूस पालथा पडला होता, तिला झाकायला. विठोबानं मला ढकलून मोटारीच्या चाकाआड पाडलं होतं. ते सगळं इतक्या लवकर आणि इतकं न बोलता झालं की कळलं, ही सवय आहे. पपांच्या दिवाणखान्यात आम्ही गोळीबाराबद्दल जे वाचत होतो ते इथल्या माणसांच्या अंगात जाऊन बसलं होतं. मी आजवर आत्याबरोबर सभांमध्ये घोषणा दिल्या होत्या, पण काय चाललंय ते मला त्या क्षणी, नाकात मिरची आणि तोंडात धूळ असताना समजलं.

“हब आहे!” आत्या एकटी उभी राहून ओरडत होती. “गोळी नाही! हब सुटलाय! उठा, हब आहे!”

हळूहळू माणसं उठली. त्या अनोळखी माणसानं बाईची क्षमा मागितली, तिनं त्याच्या सदऱ्यावरची धूळ झटकली. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, जरा जास्तच हसले. हबच्या आत चावीचे दोन तुकडे होते. विठोबाचा चेहरा पडला. “आता ही कुठनं आणू?”

आत्या झोळीत चाचपत होती. रुमालाच्या गाठीतून तिनं आमची चावी काढली. मी तिचा हात धरला. “आत्या, उद्या सकाळी…”

“माहितेय मला,” ती म्हणाली आणि चावी खाचेत बसवली. नाराजीनं सरकली. अगदी हवी तशी.

शाहिरांनी आम्हाला गाडीत घालून मैदानावर नेलं. मी ढोलकीवर बसले होते. त्या दिवशी ते काय गायले ते मला नीट आठवत नाही, कारण सोललेल्या हातांनी टाळ्या वाजवणं फार अवघड असतं.

शनिवारी सकाळी भंगारवाला आला. करीमशेठ त्याचं नाव, बरोबर चार माणसं आणि लांब हातगाडी. पपा कोट घालून अंगणात उभे. आत्या मडमच्या पायरीवर बसलेली, मांडीवर पुलर. मला रडू येत होतं आणि पातवडीचा वाससुद्धा नकोसा झाला होता. करीमशेठनं मडमला एक फेरी मारली, वाकून मागचं चाक बघितलं आणि जीभ टाळ्याला लावली. “इसका भी हब नहीं निकलेगा. मेरे पास ऐसी तीन पडी है. पूरा का पूरा आस ले के बैठा हूँ, गिऱ्हाईक को खाली हब चाहिए.”

आत्यानं मान वर केली. “तीन आहेत? चाव्यांसकट?”

“अब अंदर क्या है, खुदा जाने.”

“मी तिन्ही काढून देते,” आत्या उठली. “आत्ता. मला त्यातली एक चावी द्या. आणि ही मोटार सोडा.”

करीमशेठनं पपांकडे बघितलं. पपांनी करीमशेठकडे. पपांनी कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, “दोन बायकांना एकटं भंगारात कसं पाठवणार? मी येतो.”

मी पपांना पहिल्यांदा भायखळ्याच्या त्या आवारात, पांढऱ्या कोटात, लोखंडावर बसलेलं बघितलं. पहिला हब आत्यानं काढला. फटकन आवाज झाला आणि पपा दचकून उभे राहिले. दुसरा मी काढला. तिसऱ्याला त्यांनी घसा खाकरून विचारलं, “हे आवळायचं फक्त? याच बाजूला?” आणि कोट काढून माझ्या हातात दिला. तो हब फार चिवट होता. पपा लालबुंद झाले, शर्टाची बाही फाटली, शेवटी बार झाला आणि पपा मागच्या मागे टायरांच्या ढिगात बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी वर्तमानपत्र वाचताना कधी बघितलं नव्हतं. ते हबकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “इंदू, ती पेटी. मला खरंच लोखंड वाटलं होतं गं.”

“माहितेय रे भाऊ,” आत्या म्हणाली. “लोखंडच होतं.”

दोन चाव्या तुटक्या निघाल्या, एक शाबूत. दुपारी चारपर्यंत ती मडमच्या आसात बसली. चाक चढलं. मागच्या सीटवरचे पापडाचे डबे आईनं स्वतः काढले. वाडी गोळा झाली, सिसिलीबाईंचा मुलगा व्हायोलिन थांबवून आला, आणि मी हँडल मारलं. मडम पहिल्या झटक्याला बोलली. मी पुढून धावत बाजूला झाले आणि आत्याला म्हटलं, “चल, बस आत.”

आत्या हलेना. तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. “मला येत नाही,” ती म्हणाली.

“काय येत नाही?”

“चालवायला. बाबांनी मला कधी चालवू दिली नाही. दुरुस्त कर म्हणायचे. चालवायला भाऊला शिकवली.”

आम्ही सगळे पपांकडे वळलो. पपा, ज्यांनी मडमला हात लावल्याचं मी जन्मात बघितलं नव्हतं, ते फाटक्या बाहीनं कपाळ पुसत उभे होते. ते आत बसले. गिअर टाकला, आणि मडम गुरगुरत, छपराखालून, अंगणातून, फाटकातून बाहेर पडली. वाडी ओरडली. मी आणि आत्या मागच्या सीटवर उड्या मारून बसलो. पपा चौपाटीच्या बाजूला वळले. ते छान चालवत होते, हे सांगायला मला अजून थोडा मत्सर वाटतो.

समुद्र दिसल्यावर रस्ता मोकळा झाला. पपांनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरले. फिरून आत्याच्या बाजूला आले, दार उघडलं.

“चल. पुढे बस.”

“भाऊ, आत्ता? सगळे बघताहेत.”

“बघू देत. बाबांनी मला शिकवलं ते मी तुला शिकवायला हवं होतं. वीस वर्षं उशीर झालाय. आता आणखी किती करू?”

आत्या पुढं बसली. साडीचा काठ वर घेतला. पपा शेजारी बसून सांगत गेले, क्लच दाब, गिअर टाक, हळू सोड, हळू, हळू गं. मडमनं एक उडी मारली, दुसरी मारली, आणि मग चालायला लागली. आत्या दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत होती, वर्गात फळ्याकडे बघायची तशी. समोरून कलिंगडाची एक गाडी रस्ता ओलांडायला लागली. आत्याचा सगळा आत्मविश्वास एका क्षणात गेला.

“भाऊ, ब्रेक कुठला? भाऊ, ब्रेक कुठला रे?”

“मला काय विचारतेस?” पपा दाराला धरून ओरडले. “तूच बसवलायस तो!”